आप्पा, जीप आणि घरचा लोड

अन्याय झाला तो केतकीवर. माझी धाकटी बहीण, वय वर्षं एकोणीस. दिवस दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, वेळ सकाळी दहाच्या सुमाराची, ठिकाण औंधच्या यमाईच्या डोंगराचा माथा. अन्याय करणारे आमचे सख्खे चुलते, माजी सुभेदार, अख्ख्या पंचक्रोशीत 'आप्पा' या नावाने ओळखले जाणारे. साक्षीदार म्हणून मी, आई, पप्पा, आप्पांच्या पत्नी म्हणजे आमची मोठी आई, एक परकी म्हातारी आणि एक करडू हजर होतो. करडाची साक्ष कोर्टात चालत नसेल, पण त्या दिवशी पहिला निषेध नोंदवला तो त्यानेच.

गुन्हा सांगण्याआधी आप्पा सांगितले पाहिजेत, कारण आप्पा समजल्याशिवाय गुन्हा कळायचा नाही.

आप्पांचा ठाम सिद्धान्त असा, की रिकाम्या गाडीवर माणूस ड्रायव्हिंग शिकूच शकत नाही. फौजेत त्यांनी उभी हयात ट्रक चालवले, नंतर नव्या पोरांना शिकवले. बर्फात, वाळूत, नदीच्या पात्रात. आणि त्यातला एकही ट्रक कधी रिकामा नव्हता. त्यामुळे केतकीला शिकाऊ परवाना मिळाला आणि तिला शिकवायचं आप्पांनी मनावर घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी त्यांनी जीपमध्ये हळदीची पोती टाकली.

"आप्पा, पोती कशाला?" केतकीनं विचारलं.

"रिकामी गाडी शेळी बी चालवंल. लोड टाकला की कळतंय, डायवर कोण आन पाहुणा कोण."

एकदोन रविवार पोत्यांवर गेले. मग आप्पांना नवा शोध लागला. पोती गप्प बसतात. "खरा लोड बोलतोय, कलंडतोय, वकतोय," असं त्यांनी जाहीर केलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारात हॉर्न वाजला.

"चला, लोड भाईर या!"

तो लोड म्हणजे आम्ही.

पलूसच्या अलीकडचं आमचं गाव. आप्पांचं आणि आमचं घर एकाच गल्लीत. त्यांची दोन्ही मुलं बाहेर, एक फौजेत आणि एक मुंबईला. दारात उरली ती मोठी आई आणि ही जीप. जीप लांब बॉडीची, पूर्वी वडापला असलेली. आमच्या भागात माणसं दाटीवाटीनं भरून गावोगाव पळणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. आप्पांनी ती निवृत्तीनंतर विकत घेतली, रंग दिला, शिटा नव्या केल्या. पण वडापचं रूप काही जाईना. कुठेही थांबली की कुणीतरी पिशवी घेऊन पळत येतंच. आणि आप्पा त्याला नाही म्हणत नाहीत. "बसा, बसा. लोडच हाय." शिकाऊ चालकाच्या गाडीत वाटेवरची माणसं बसवणं कायद्यात बसतं का, हे मी पाहिलेलं नाही. मुद्दामच पाहिलेलं नाही.

आम्हाला बसवण्याचीही पद्धत होती. ज्याला वाटेल तिथे बसायची मुभा नव्हती. पप्पा वजनदार म्हणून मागे उजवीकडे, मोठी आई त्यांच्या तोडीची म्हणून मागेच त्यांच्या समोर, डावीकडे. आई आणि मी मिळून एक पप्पा होतो, त्यामुळे आम्हाला वळणावळणावर इकडून तिकडे सरकवलं जायचं. त्यात पंचाईत अशी, की आप्पा आईचे थोरले दीर, आणि आमच्या घरात थोरला दीर आणि भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. तेव्हा सगळा व्यवहार केतकीमार्फत.

"केतके, तुझ्या आईला म्हणावं, जरा डाव्या अंगाला सरकायचं. गाडी वडती."

आई हातभर अंतरावर. "केतकी, त्यांना सांग, सरकले."

"आप्पा, आई सरकली."

"मला दिसतंय. तू रस्त्याकडं बघ."

म्हणजे त्या पोरीनं क्लच सांभाळायचा, गिअर टाकायचा, समोरची म्हैस चुकवायची आणि वर दोन वडीलधाऱ्यांमध्ये निरोप्याचं काम करायचं. या प्रथेविरुद्ध मी जीपमध्ये आवाज उठवला. आप्पा म्हणाले, "केतके, तुझ्या आईला म्हणावं, थोरलीला आवर." आई म्हणाली, "केतकी, त्यांना सांग, ती माझं कधी ऐकत नाही." दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं, ते माझ्याविरुद्ध.

मी कोण, तेही सांगून टाकते. कॉलेजच्या वेळेला मुलींना बस मिळाली पाहिजे, यासाठी मी पत्रकं काढते, सह्या गोळा करते, कचेऱ्यांसमोर बसते. उरलेली पत्रकं घरात असतात. आप्पा रोज सकाळी जीपचं ऑइल तपासतात आणि ती कांडी पुसायला त्यांना कागद लागतो. "तुझा कागद तेल लय बेस वडतोय गड्या," हे माझ्या लेखनाचं त्यांनी केलेलं एकमेव कौतुक. माझ्या सगळ्या मागण्यांवर काळे डाग पडलेले असतात.

या सकाळच्या तपासणीला आप्पा 'फर्स्ट परेड' म्हणतात. ती एक वेळ परवडली. खरी शोभा व्हायची ती हाल्ट परेडला. अर्ध्यापाऊण तासानं कुठेही, अगदी कुठेही, आप्पा हात वर करत. "हाल्ट!" केतकी जीप कडेला घेई. सगळा लोड खाली. मग ज्यानं त्यानं आपापल्या चाकापाशी उकिडवं बसायचं आणि चाकाच्या मध्यावर तळहात ठेवायचा. चाक तापलंय का, हे बघायला. पुढचं उजवं मोठ्या आईचं, पुढचं डावं आईचं, मागचं उजवं पप्पांचं, मागचं डावं माझं.

"रिपोट!"

"कोमट," पप्पा म्हणायचे.

"कोमट म्हंजे? चुलीवरलं पाणी हाय व्हय? हात ठेवून दम निघतो का न्हाई, ते सांग."

पप्पा पन्नाशीचे, शाळेत पर्यवेक्षक. मुलं त्यांना बघून मैदानातून पळतात. पण आप्पांसमोर ते आजही खुर्चीवर बसत नाहीत. जीपमध्ये बसतात, कारण तिथे आप्पांची पाठ असते. "दम निघतोय, दादा," असं ते हळूच म्हणत आणि हात पुसत.

एकदा रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला आम्हाला असं चाकांना हात लावून बसलेलं बघून थांबला. "नवी गाडी घेतली व्हय? पूजा चाललीय?" मग जीपकडे नीट बघून म्हणाला, "जुनी वाटती. मग नवस आसंल." आणि नमस्कार करून गेला.

हे सगळं आम्ही का सोसत होतो? केतकीसाठी. तिनं शेतीचा डिप्लोमा केला आहे. लोणंदजवळच्या एका रोपवाटिकेत तिला काम मिळत होतं. उसाची रोपं पिकअपमध्ये भरायची, शेतकऱ्याच्या बांधावर पोचवायची, लागण कशी करायची ते दाखवायचं. काम तिला इतकं आवडलेलं, की ती झोपेतही रोपांच्या ट्रेबद्दल बोलायची. अट एकच होती. चारचाकीचा पक्का परवाना, महिना संपायच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला.

ड्रायव्हिंग स्कूलचं नाव काढायची सोय नव्हती. "तिथं मास्तरच्या पायाखाली बी ब्रेक असतोय. मग गाडी चालवतंय कोण?" असं आप्पांनी एकदा विचारलं आणि विषय मिटला. टेस्टला गाडी आपलीच न्यावी लागणार, म्हणजे आप्पांची जीप. आणि आप्पा 'हो' म्हटल्याशिवाय ती जीप दारातून हलणार नव्हती.

आप्पा 'हो' म्हणत नव्हते.

केतकी तयार होती, हे मला गाडीतलं काही कळत नसूनही कळत होतं. आई पुढच्या शिटाची दांडी धरायची थांबली होती. मोठी आई चालत्या जीपमध्ये लसूण सोलायला लागली होती. पण टेस्टचा विषय निघाला की आप्पांना काहीतरी खोट सापडायचीच. पहिल्या वेळी म्हणाले, "कुत्र्याला बघून ब्रेक मारलास, कोंबडीला बघून न्हाई मारलास. कोंबडीला जीव न्हाई व्हय?" दुसऱ्या वेळी, "ट्रॅक्टरवाल्याला साइड देताना हसलीस. स्टेरिंगवर हसायचं न्हाई." तिसऱ्या वेळी खरोखर काहीच चुकलं नव्हतं. आप्पा बराच वेळ मिशी चोळत बसले. मग म्हणाले, "ह्येच वाईट. जो चुकतच न्हाई, तो चुकल्यावर काय करंल?"

प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य: "घाई कोण करतंय? दुश्मन!"

केतकीची टेस्ट शेवटी एका बुधवारची मिळाली. त्याच्या आधीचा रविवार म्हणजे हा, ज्याबद्दल मी कागद काळे करते आहे. आप्पांनी सांगितलं, औंधला जाऊ, यमाईचा डोंगर चढून दाखव, मग बघू. आईनं धपाटे केले, मोठ्या आईनं ठेचा आणि दही घेतलं. मी पत्रकांचा एक गठ्ठा घेतला, कारण मी कुठेही जाताना घेते.

थंडी पडायला लागलेली. कारखाने सुरू झालेले, त्यामुळे रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. एक पुढे होता, मागे दोन ट्रॉल्या, त्यांतून ऊस दोन्ही बाजूंना लोंबलेला, आणि ट्रॅक्टरवर गाणं इतकं मोठं, की आमच्या जीपच्या काचा त्याच्या तालावर थरथरत होत्या. केतकीनं हॉर्न दिला. काही नाही.

"त्येला हॉर्न ऐकू येणार न्हाई," आप्पा म्हणाले. "आधी त्येच्या आरशात तुझं तोंड दिसू दे."

केतकी जरा उजवीकडे आली, आरशात दिसली, ट्रॅक्टरवाल्यानं हात बाहेर काढून वाट दिली, आणि ती दोन्ही ट्रॉल्या मागे टाकून अलगद डावीकडे आली. हसली नाही. मी मागून पाहिलं, गाल आतून चावत होती.

कडेगावच्या पुढे "हाल्ट!" झालं. आम्ही सगळे आपापल्या चाकाशी बसलो. तेवढ्यात कडेच्या बाभळीखालून एक म्हातारी उठली. नऊवारी, काखेत पांढरं करडू. सरळ आली, मागच्या पायरीवर पाय ठेवला आणि आत चढली.

"लय रविवार चुकवलंसा, आप्पा. आन आज बी उशीर," ती म्हणाली. "उन्हं चढली की."

आप्पा रेडिएटरमध्ये डोकं घालून बसले, जणू त्यांना ऐकू आलंच नाही. आईनं मोठ्या आईकडे पाहिलं. मोठ्या आईनं आप्पांकडे पाहिलं.

"ही कोण वो?"

"लोड," आप्पा आतून म्हणाले.

म्हातारीचं नाव शेवंताबाई. करडू नवसाचं होतं. यमाईला दाखवून परत न्यायचं होतं. तिनं ते बिनदिक्कत पप्पांच्या मांडीवर दिलं. "धरा वो गुर्जी, माझं गुडघं दुखत्यात." पप्पांना ती गुरुजी कसं म्हणाली, याचा विचार करायला कुणाला उसंत मिळाली नाही, कारण करडानं माझा गठ्ठा शोधून काढला होता. पुसेसावळी येईपर्यंत त्यानं माझ्या पहिल्या चार मागण्या खाल्ल्या. पाचवीपाशी थांबलं. पाचवी मागणी चौकशी समिती नेमण्याची होती.

डोंगराचा रस्ता सुरू झाला. औंध खाली राहिलं. आप्पा एकदम गप्प झाले, आणि गप्प आप्पा हे बोलणाऱ्या आप्पांपेक्षा भीतिदायक असतात. वळणं आवळत गेली. जीप दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत होती. शेवटच्या चढाच्या वळणावर वरून एक मोटार आली, समोरासमोर, आणि केतकीला भर चढावर जीप थांबवावी लागली.

मागे उतार. आत पप्पा, मोठी आई, आई, मी, शेवंताबाई. आईनं देवीचं नाव घेतलं. करडू ओरडलं. मोठ्या आईनं दह्याचा डबा छातीशी धरला. मोटार कशीबशी कडेनं निघून गेली.

"आता," केतकी स्वतःशीच म्हणाली. हँडब्रेक, क्लच, थोडं अ‍ॅक्सिलेटर. इंजिनचा आवाज बदलला, जीपचं नाक किंचित उचललं, तिनं हँडब्रेक सोडला, आणि तो एवढा सगळा लोड बोटभरही मागे न सरकता वर निघाला. पप्पांनी टाळी वाजवली. मग आप्पांची आठवण झाली आणि हात परत करडाखाली घातले.

माथ्यावर पोचलो. केतकीनं जीप सावलीत लावली, चाकाला दगड लावला, चावी आप्पांच्या हातात दिली आणि समोर उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

आप्पांनी चावी खिशात टाकली. दरीकडे बघत म्हणाले, "बुधवारची टेस्ट फुडं ढकल. आजून कच्ची हायस."

हाच तो अन्याय.

"काय चुकलं, आप्पा?"

"वाऱ्याचा अंदाज घेतला न्हाईस."

"आवं, जीप हाय ती, पतंग न्हाई!" मोठी आई म्हणाली.

"फुडच्या रविवारी चाफळला जाऊ. तिथं वारं कमी असतंय."

केतकीनं नुसती मान खाली घातली. महिना संपायला आला होता. पुढची तारीख मिळेपर्यंत लोणंद हातचं जाणार होतं, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. तेव्हा मी जीपच्या पायरीवर चढले.

"जाहीर निषेध!" मी म्हणाले. कागद करडाच्या पोटात, त्यामुळे तोंडपाठ. "एका कष्टाळू, होतकरू तरुणीच्या भवितव्याशी चाललेला हा खेळ आम्ही खपवून घेणार नाही! वाऱ्याची सबब पुढे करून मुलींना घरात डांबण्याचं हे कारस्थान आहे! आम्ही विचारतो, हाच डोंगर एखादा मुलगा चढला असता तर वारा आडवा आला असता का?"

दर्शनाला आलेले चार लोक थांबले. एकानं "बरोबर हाय" असंही म्हटलं. आप्पा सावधानमध्ये उभे राहून सगळं ऐकत होते.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आवाज बरा हाय. शेवटाला पडतोय. पाणी पी." आणि रेडिएटरसाठी कॅन घेऊन ते नळाकडे निघून गेले.

मी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात शेवंताबाई पायरीशी आली. हसत होती. "तूच ती व्हय गं? बससाठी भांडणारी?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आगं, मला समदं म्हाईत हाय. ही धाकटी उसाची रोपं करणार. ह्यो गुर्जी, ह्येला पोरं भितात आन ह्यो भावाला भितो. ही वैनी, धपाटी लय झ्याक करती." मग तिनं बोट आईवरून मोठ्या आईकडे वळवलं. "आन तुमचं गुडघं. जीपचा हादरा सोसत न्हाई म्हणून तुमी येत नव्हतासा."

मोठ्या आईचा हात गुडघ्यावर गेला.

"ह्या शिकवणीआदी तुमी येत नव्हतासा," शेवंताबाई म्हणाली, "आन ह्यो माणूस दर रविवारी यायचा. लय दिवस. रिकामी जीप घिऊन. कडेगाव, पुसेसावळी, औंध. वाटंत दिसंल त्येला बसवायचा. पैसं काढलं तर वराडायचा. आन मग सगळी वाट घरचं सांगायचा. पुतण्या काय म्हणाल्या, नातवाचा फोन आला का न्हाई, वैनीनं काय रांधलं. आमास्नी वडाप मिळती की! पर आमी ह्येच्यासाठनंच हुभं ऱ्हायचो. म्हणलं, येवढी जागा हाय गाडीत, कुणीतरी बसलं पायजे."

"मला ह्ये म्हणायचं, बॅटरी उतरती," मोठी आई हळूच म्हणाली. "फिरवून आणतो म्हणायचं."

"आज घरची माणसं बघितली आन मला लय बरं वाटलं बघा," शेवंताबाई म्हणाली आणि करडू उचलून देवीकडे निघाली.

पलीकडे नळाला पाणी बारीक येत होतं. आप्पा कॅनच्या तोंडाशी उकिडवे बसले होते, पाठ आमच्याकडे. पप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. केतकी मात्र नळाकडे एकटक बघत होती.

धपाटे खाल्ले. मग उतरायला लागलो. आणि पहिल्याच वळणाला जीप बंद पडली.

"क्लच लवकर सोडला वाटतं," केतकी म्हणाली.

पुन्हा सुरू. पुढच्या वळणाला गिअर असा काही कर्रकन पडला, की शेवंताबाईनं करडाचे कान झाकले. मग पुन्हा बंद. मग एका बारक्या दगडाला बघून इतका जोरात ब्रेक, की पप्पा, करडू आणि उरलेलं दही एका ठिकाणी आले. जिनं तासाभरापूर्वी अख्खं घर चढावर तोलून धरलं होतं, ती आता पहिल्या दिवसापेक्षा वाईट चालवत होती.

"कच्चीच आहे हो मी, आप्पा," ती म्हणाली. "बरोबर म्हणता तुम्ही. अजून दोनतीन महिने तरी लागतील. चाफळला जाऊ, पाटणला जाऊ. लोणंदचं काय, पुढं बघता येईल."

आप्पांनी हात वर केला. हाल्ट म्हटलं नाही, पण केतकीनं जीप कडेला घेतली. इंजिन बंद झालं.

आप्पांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा.

"गिअरबॉक्सनं काय वाकडं केलंय तुझं?" ते म्हणाले. "माझ्यासाठनं तिचं दात मोडू नगंस."

केतकी रडायला लागली. स्टेअरिंगवर कपाळ ठेवून.

"स्टेरिंगवर रडायचं बी न्हाई," आप्पा म्हणाले. आवाज शेवटाला पडला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बुधवारी जीप धुऊन ठेवतो. वर चढलीस तशी खाली चालव आता. मला झोप येतीय."

आणि आप्पांनी डोळे मिटले. शिकाऊ माणूस गाडीवर असताना, भर घाटउतारावर. ते झोपले नव्हते, हे आरशात मला दिसत होतं. पण गावात जीप दारात लागेपर्यंत त्यांनी एकदाही डोळे उघडले नाहीत, आणि केतकीनं त्यांना एकदाही उघडायला लावले नाहीत.

बुधवारी ती पास झाली. आप्पा मैदानाकडे पाठ करून बाहेर चहाच्या गाड्यावर उभे होते. साहेबानं 'छान शिकवलंय' म्हटल्याचं तिनं सांगितलं, तर म्हणाले, "लोड कुठं होता? रिकाम्या गाडीवर घेतलेली परीक्षा ती." केतकी लोणंदला गेली. आता तिची पिकअप फलटण आणि माणच्या बाजूलाही जाते. रोपं मागे भरलेली असतात, त्यामुळे आप्पांना तिच्या ड्रायव्हिंगबद्दल काही म्हणायला उरलेलं नाही.

केतकी गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी मी पत्रकं बांधत बसले होते. आप्पांच्या दारात फर्स्ट परेड झाल्याचा आवाज आला. मग जीप सुरू झाली. आमच्या दारासमोर आली, हॉर्न वाजला नाही, आणि पुढे निघाली. मी गठ्ठा टाकून गल्लीत धावले आणि जीपच्या आडवी उभी राहिले.

"आप्पा, मला गाडी शिकायची आहे."

"तुला? तू तर रस्ता अडवणारी," ते म्हणाले. पण उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला बसले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "चला, लोड भाईर या!"

तर आता मी शिकते आहे. मी भयंकर वाईट शिकते आहे. स्पीडब्रेकर दिसला की माझी जीप आपोआप बंद पडते, आणि मागे घ्यायला सांगितलं की ती पुढे जाते. आप्पा इतके खूश आहेत, की त्यांनी मिशीला तेल लावायला सुरुवात केली आहे. मोठी आई गुडघ्यांना पट्टा बांधून येते. परवा आईनं दोन रविवार पुढचे धपाट्यांचे बेत ठरवून टाकले.

पण मीसुद्धा माणूस आहे. कितीही वाईट शिकले तरी एक ना एक दिवस मला येणारच. तेव्हा पुढे काय, हा प्रश्न मी तुमच्यासमोर ठेवते, आणि नेहमीप्रमाणे उत्तरही सांगते. पलूस, कडेगाव, विटा, कराड, कुठेही राहत असाल आणि तुम्हाला गाडी येत नसेल, तर येत्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीत या. शिकाऊ परवाना आणा, घरची माणसं आणा, जेवणाचे डबे आणा. फी नाही. आणि ही विनंती नाही, मागणी आहे: लवकर शिकू नका.